माझी खोली मागितलीस, तुझा नंबर मला

"आधी आहे ती खोली सोड, मग बघू."

पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी खोली बदलून मागितली तेव्हा रेक्टरांकडून मला हे उत्तर मिळालं होतं. माझी खोली मेसच्या भिंतीला लागून होती. पहाटे साडेपाचला पातेली आपटायला लागायची, दुपारी फोडणीचा ठसका, रात्री अकरापर्यंत भांड्यांचा खणखणाट. मागच्या अंगाला लिंबाच्या सावलीतली एक खोली रिकामी झाली होती. मला ती हवी होती. पण त्यासाठी हातची सोडून यादीत नाव घालायचं, आणि चिठ्ठीत नंबर मागे गेला तर गच्चीखालची, भट्टीसारखी तापणारी खोली पदरात पडायची. मी गप्प बसलो. लिंबाखालच्या खोलीत एक नवा मुलगा आला. महिनाभरानं तोच मला म्हणाला, "तुमची खोली बरी हो. मला सकाळी सहाला लॅब उघडायची असते, मेस शेजारी असती तर निघताना चहा तरी मिळाला असता." अदलाबदल करू म्हटलं तर रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, असं सांगण्यात आलं. आम्ही दोघांनी वर्षभर एकमेकांच्या खोलीत दिवस काढले.

हे माझं नशीब, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे कळलं की यावर गणिती अर्थशास्त्रात चांगला विचार झालेला आहे, आणि 'आधी सोड, मग बघू' या एका वाक्यात नेमकं काय चुकतं तेही कुणीतरी दाखवून दिलेलं आहे. त्याबद्दल लिहायचं, तर ते बीड जिल्ह्यातल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहावंसं वाटतं. कारण इथल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना वसतिगृहाची खोली ही शिक्षणापुरती सोय नसते. वर्षातले सहा महिने तेच त्यांचं घर असतं.

दसरा झाला की जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर खोपी पडतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, गावाकडच्या घराला कुलूप. अशा घरातली मुलगी शिकत शिकत एम.एस्सी.ला किंवा एम.डी.ला पोचते. दिवाळीला वसतिगृह रिकामं होतं आणि सगळ्या मैत्रिणी एसटी पकडतात, तेव्हा तिनं जायचं कुठे? खोलीवाटपाच्या अर्जात हा प्रश्न मी अजून छापलेला पाहिलेला नाही.

बीडच्या मुलांचे पदव्युत्तर शिक्षणाचे दोन रस्ते ठरलेले. एक छत्रपती संभाजीनगरला जातो. जिल्ह्यातली कॉलेजं तिथल्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि १४ जानेवारी १९९४ ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. दुसरा रस्ता बालाघाटाच्या अंगाखांद्यावर, अंबाजोगाईत थांबतो. तिथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं. ग्रामीण भागासाठी काढलेल्या पहिल्या काही वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची गणना होते. एम.डी., एम.एस. करणारे निवासी डॉक्टर, म्हणजे रोजच्या बोलण्यातले 'जेआर', तीन वर्षं तिथे राहतात. पहिल्या वर्षाचे आले की तिसऱ्या वर्षाच्यांनी जायचं, असा हिशेब. प्रवेशाचं वेळापत्रक पुढेमागे झालं की तो कोलमडतो. जुने निघालेले नसतात आणि नवे दारात ट्रंक घेऊन उभे असतात. राज्यातल्या निवासी डॉक्टरांची संघटना 'मार्ड' फेब्रुवारी २०२४ मध्ये संपावर गेली, तेव्हा विद्यावेतनाच्या बरोबरीनं वसतिगृहाची मागणी होती.

खोल्याच कमी असतील तर वाटपाची कुठलीही युक्ती नवी खोली बांधून देत नाही. तो प्रश्न पैशाचा आणि बांधकामाचा आहे, आणि तो सरकारला विचारत राहिलंच पाहिजे. पण आहेत त्या खोल्या नीट वाटायला एक रुपयाही लागत नाही. त्या वाईट वाटल्या जातात म्हणून मला जास्त हळहळ वाटते.

आता जरा जवळून बघू. एक मुलींचं वसतिगृह मनात उभं करू. आहे ते अंबाजोगाईत, पण कल्पनेतलं. चार खोल्या, चौघी जेआर. नावांऐवजी त्यांना गावानं हाक मारू.

चार नंबरची खोली तळमजल्यावर, फाटकाजवळ. बारा नंबर पहिल्या मजल्यावर पूर्वेला, शांत. पंधरा नंबर जिन्याला लागून, दिवसभर चपलांचा आवाज. एकवीस नंबर गच्चीखाली. मार्च लागला की तिथला स्लॅब रात्री दहापर्यंत गरम असतो आणि टंचाईत पाणी शेवटी तिथे पोचतं, पण वर कुणी फिरकत नाही आणि मोबाइलला रेंज चांगली. परळीची आधीपासून चार नंबरात आहे, धारूरची एकवीसात. बारा आणि पंधरा रिकाम्या आहेत. केजची आणि आष्टीची नव्या.

परळीची आहे पॅथॉलॉजीला. रात्री तिला कुणी उठवत नाही. तिला पहाटे वाचायला शांतता हवी, म्हणून बारा नंबर पाहिजे. ती नाही मिळाली तर आहे ती चारच बरी. केजची स्त्रीरोग विभागात. रात्री दोनला प्रसूतिकक्षातून फोन आला की तीन मिनिटांत पळायचं असतं. तिला फाटकाजवळची चार नंबरच हवी. ती नसेल तर बारा. आष्टीचीला आधी बारा, मग एकवीस, मग पंधरा. धारूरचीलाही बारा आवडेल. नाही तर आपली एकवीस, तिथे तिचं बस्तान बसलेलं आहे. पंधरा नंबर तिला एकवीसपेक्षा वाईट वाटते.

जुन्या रीतीनं काय होतं? जुन्या रहिवाशाला विचारतात, "राहतेस की सोडतेस?" सोडलीस तर चिठ्ठीत ये. परळीची घाबरते, कारण चिठ्ठीत मागे पडली तर जिन्याजवळची माथी येईल. ती चारातच राहते. धारूरची त्याच भीतीनं एकवीसात. मग चिठ्ठी निघते आणि केजचीचा पहिला नंबर लागतो. चार अडलेली, म्हणून ती बारा घेते. आष्टीचीला उरलेली पंधरा. आता बघा, परळीची चारात बसून बाराकडे बघते आहे आणि केजची बारातून उठून रात्री दोनला जिना उतरते आहे. नियम कुणी मोडला नाही, वशिला लागला नाही, तरी दोघींचं नुकसान झालं. पेशंटचंही झालं म्हणायला हरकत नाही.

नवी रीत अशी. सगळ्यांचीच चिठ्ठी काढायची, नव्यांची आणि जुन्यांचीही. पण जुनीला एक शब्द आधीच द्यायचा: तुझी आहे ती खोली तुझ्या मर्जीशिवाय जाणार नाही. मग नंबरानं एकेकीला विचारायचं, उरलेल्यांत सगळ्यात आवडती खोली कुठली ते सांग. रिकामी असली तर तिची. पण त्या खोलीत कुणी राहत असेल आणि तिचा नंबर अजून आलेला नसेल, तर मागणारीनं क्षणभर थांबायचं आणि राहणारीला आपल्या पुढे उभं करायचं. तिची खोली मागितली ना, मग आधी तिला निवडू दे.

चौघींवर हे करून बघू. चिठ्ठीत क्रम निघाला: केज, आष्टी, धारूर, परळी. केजची म्हणते, चार. तिथे परळीची राहते, म्हणून शेवटच्या नंबरची परळीची एकदम पुढे येते. ती म्हणते, बारा. बारा रिकामी, मिळाली. चार मोकळी झाली, ती केजचीला. मग आष्टीची. बारा गेली, म्हणून ती एकवीस मागते. तिथली धारूरची पुढे येते आणि म्हणते, बारा नसेल तर माझी मलाच राहू दे. राहिली. आष्टीचीला पंधरा. आधीच्या वाटपाशी ताडून बघा: धारूरची आणि आष्टीची होत्या तिथेच आहेत, परळीची आणि केजची दोघींना पहिल्या पसंतीची खोली मिळाली. कुणाचं काही गेलं नाही.

कधी कधी मागणीचं रिंगण होतं. हिला तिची खोली हवी, तिला तिसरीची, तिसरीला हिची. तेव्हा थांबायचं नाही, तिघींनी एकदम खोल्या फिरवून घ्यायच्या आणि यादीतून बाहेर पडायचं.

ही रीत अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफुन सोनमेझ या मूळच्या तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडली. इंग्रजीत तिचं नावच एक वाक्य आहे, आणि मराठीत ते 'माझी खोली मागितलीस, तुझा नंबर मला' असं चपखल बसतं. त्यांच्यासमोरचा प्रश्न खराखुरा वसतिगृहांचाच होता. कार्नेगी मेलन, ड्यूक, मिशिगन, नॉर्थवेस्टर्न, पेनसिल्व्हेनिया अशा अमेरिकी विद्यापीठांतही 'राहा, नाहीतर सोडून चिठ्ठीत ये' हाच प्रकार चालत असल्याचं त्यांनी नोंदवलं आणि त्यानं खोल्या वाया कशा जातात ते दाखवलं. म्हणजे माझ्या रेक्टरांचं वाक्य अगदी गावठी नव्हतं, ड्यूकमध्येही ते चालत होतं.

रिंगणाची कल्पना त्याहून जुनी. लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांच्या १९७४ च्या निबंधात ती आली आणि तिचं श्रेय त्यांनी डेव्हिड गेल यांना दिलं. सगळ्यांकडे एकेक घर आहे, पैशाचा व्यवहार करायचा नाही, फक्त अदलाबदल. तर ती कुठवर नेता येईल, असा तो प्रश्न होता. हेच रिंगण पुढे मूत्रपिंडाच्या अदलाबदलीला उपयोगी पडलं. नवऱ्याला बायकोचं मूत्रपिंड जुळत नाही, दुसऱ्या जोडप्याचीही तीच अडचण, पण आडवी देवाणघेवाण केली तर दोन्हीकडे जुळतं. अॅल्विन रॉथ, सोनमेझ आणि उत्कू युन्व्हर यांनी २००४ मध्ये त्याची रीत बांधून दिली. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन अशा अदलाबदलीला जागा मिळाली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या रीतीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. इथे खरं सांगणाऱ्याचं कधीच नुकसान होत नाही, आणि हे सिद्ध करता येतं. आपल्याकडची मुलं अर्ज भरताना आधी हिशेब करतात. "ती खोली आपल्याला कुठली मिळायची, तिच्यापायी पसंती वाया घालवू नको" असा सल्ला सीनियर देतात. ज्या पद्धतीत पहिली पसंती हुकली की दुसरीही हातची जाते, तिथे हा सल्ला बरोबरच असतो. पण मग ज्याला जाणकार सीनियर असतो, ज्याचा भाऊ आधी तिथे शिकून गेलेला असतो, त्यालाच बरी खोली मिळते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलगी भाबडेपणानं खरं लिहिते आणि फसते. जी रीत खरं लिहिणारीला सांभाळते, ती अशाच मुलीच्या सगळ्यात कामाची.

ही रीत राबवायला संगणकही लागत नाही. एमआयटीच्या न्यू हाउस वसतिगृहातल्या एका विभागात विद्यार्थ्यांनी स्वतःच खोलीवाटपाची एक पद्धत बसवली होती. पाब्लो गियेन आणि ओनुर केस्टन यांनी २०१२ मध्ये ती तपासली, तेव्हा ती गणितज्ञांनी कागदावर सिद्ध केलेल्या पद्धतीशी मिळतीजुळती निघाली. चाळीस खोल्यांचं वसतिगृह असेल तर एक टेबल, चिठ्ठ्यांचा डबा आणि एक दुपार पुरे. प्रवेश कुणाला द्यायचा ते गुणवत्ता आणि आरक्षणाच्या नियमांनी ठरू द्यावं. दिव्यांग विद्यार्थ्याला तळमजला आधी द्यावा, तो चिठ्ठीचा विषय नाही. त्यानंतर खोली कुठली हे मात्र ईश्वरचिठ्ठीनंच ठरावं असं माझं मत आहे. प्रवेश परीक्षेत चार गुण जास्त पडले म्हणून एखादीला तीन वर्षं पूर्वेचं ऊन मिळावं आणि दुसरीनं तापल्या स्लॅबखाली वाचावं, हे मला पटत नाही.

इथवरचं सगळं एकेकट्या खोलीबद्दल झालं. खोलीत पार्टनर आला की गणित एकदम अवघड होतं. खोली तुमच्याबद्दल काही मत बाळगत नाही, पार्टनर बाळगतो. गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये दाखवलं की दोन वेगळे गट असतील, उदाहरणार्थ कॉलेजं आणि विद्यार्थी, तर अशी जुळणी नेहमी करता येते की कुणी दोघं आपसांत संगनमत करून ती मोडणार नाहीत. पण त्याच निबंधात त्यांनी हेही दाखवलं की एकाच गटातून जोड्या लावायच्या असतील तर ही खात्री उरत नाही. उदाहरण सोपं आहे. बीडच्या मुलाला पाटोद्याचा पार्टनर हवा, पाटोद्याच्याला माजलगावचा, माजलगावच्याला बीडचा. शिरूरचा रात्रभर दिवा लावून वाचतो, म्हणून तो तिघांच्याही यादीत शेवटी. त्याला कुणाबरोबरही ठेवा. ज्याच्याबरोबर ठेवाल तो उरलेल्या दोघांपैकी एकाला फोडणार, आणि तो फुटायला आनंदानं तयार असणार. जोड्या लावाल तितक्या मोडतील. रॉबर्ट आयर्व्हिंग यांनी १९८५ मध्ये एक कृती दिली. टिकणारी जुळणी असेल तर ती शोधून देते, नसेल तर नाही म्हणून सांगते. सप्टेंबरात वसतिगृहात भांडणं का होतात, याचं थोडं उत्तर यात आहे. सगळाच दोष मुलांच्या स्वभावाचा नसतो.

म्हणून अर्जात 'कोण हवा' विचारण्याऐवजी 'कसा राहतोस' विचारावं. किती वाजता झोपतोस, दिवा लागतो का, फोनवर बोलायला बाहेर जातोस का, खोलीत स्टोव्ह वापरणार का, आठवड्यात रात्रपाळ्या किती. 'कोण हवा' विचारलं की मराठवाड्यात उत्तर आडनावानं येतं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण गेल्या काही वर्षांत बीडमध्ये जातीजातींत जे ताणलं गेलं आहे, त्याची झळ कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत आली आहे. मोकळी निवड ठेवली तर मजलेच्या मजले एकेका जातीचे होतील.

महाराष्ट्रानं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी दोन अंगांनी सोडवून बघितला आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९६ साली सगळ्या जातींसाठी एक वसतिगृह उघडलं. थोड्याच वर्षांत तिथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले, कारण दार उघडं असलं तरी आत घेणारे हात एकाच जातीचे होते. मग महाराजांनी १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून एकेका समाजासाठी वेगळं बोर्डिंग काढायला हात दिला. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये दुसरी वाट धरली. सगळ्या जातींची मुलं एकाच बोर्डिंगात, एकाच पंगतीला, स्वतःच भाकऱ्या थापून. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. शाहू महाराजांची वाट ज्यांना जागाच नव्हती त्यांच्यासाठी होती, भाऊरावांची जागा मिळाल्यानंतरची. मला दोन्ही खऱ्या वाटतात.

भाऊरावांच्या वाटेला आता मोजमापाचीही साथ आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या विद्यापीठात पार्टनर चिठ्ठीसारखे आपोआप लावले जात. ल्युचिया कोर्नो, एलियाना ला फेरारा आणि जस्टिन बर्न्स यांनी त्याचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय पार्टनर लाभलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मनातले पूर्वग्रह कमी झाले, आणि वेगळ्या वंशाचा पार्टनर मिळालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुणही वाढले. हे साधायला वर्षभराचा शेजार पुरला. झोपेच्या वेळा आणि पाळ्या जुळवून घ्याव्या, आडनावाचा रकाना छापूच नये, आणि बाकी चिठ्ठीवर सोडावं, असं मी म्हणतो ते यावरूनच.

वसतिगृहात जागाच मिळाली नाही तर सरकार पैसे देतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीच्या दरानं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये, इतर महानगरांत ५१ हजार आणि बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. या ४३ हजारांत राहण्याचे १२ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार. त्यात खोली शोधायला निघालेल्या मुलाला चिठ्ठी नाही, क्रम नाही, पसंती नाही. घरमालक विचारतो तो पहिला प्रश्न आडनावाचा. तरीही पुष्कळांना हाच आधार आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना ठरली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलं किंवा मुली. आईबाप फडावर असताना पोरं गावात राहावीत आणि त्यांची शाळा सुटू नये, म्हणून ही योजना. त्यातली मुलं आणखी काही वर्षांनी पदव्युत्तर वर्गात येतील, आणि तेव्हाही दसऱ्यानंतर त्यांच्या घराला कुलूपच असेल.

त्यांच्यासाठी अर्जात एकच ओळ वाढवायची आहे: दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहात राहणार का? 'हो' म्हणणाऱ्या मुली दहा असतील, पंधरा असतील. पसंती विचारताना त्यांना सांगायचं, की सुट्टीत फक्त पहिल्या मजल्याचं पाणी आणि दिवे चालू राहतील आणि तिथेच एक वॉचमन असेल. त्या आपोआप पहिला मजला मागतील. त्या मजल्यावरच्या जुन्या रहिवाशालाही भीती नाही. तिची खोली कुणी मागितली तर तिचा नंबर आधी. पंधरा जणींसाठी अख्खं वसतिगृह चालू ठेवता येत नाही, हे कारण मग देता येणार नाही. एक मजला चालू ठेवता येतो. मेस बंद असली तर त्या मजल्यावर एक शेगडी पुरते, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी तिथे पोह्यांचा चिवडा भाजता येतो.